निकालाचा फलक आणि एकरी उतारा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या माणसांपुढे उभं राहून भाताच्या मुलखाची गोष्ट सांगायची म्हणजे थोडं धाडसच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारे कर्जत-खालापूर कुठे आणि मृगाच्या भरवशावर सरकी टोबून आभाळाकडे बघत बसणारे आपण कुठे! पण आज आम्ही पिकावर बोलणार नाही. रायगड जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत आम्ही भातशेतकऱ्यांच्या बैठकांना जातो. बैठक सुरू होते भाताच्या भावाने. राब, लावणी, मजुरी असं करत करत उन्हाळ्यातली प्रत्येक बैठक एकाच प्रश्नावर येऊन थांबते, "साहेब, पोराला हायस्कूल कोणतं घेऊ?"

हा प्रश्न तुम्हीही विचारता. फरक इतकाच की तुमच्यापुढे पर्याय एक किंवा दोन, त्यांच्यापुढे पाच-सहा. मुंबईची लोकल कर्जतपर्यंत येते आणि तिथून एक फाटा खोपोलीला जातो. कर्जतला, नेरळला, खोपोलीला जुन्या शिक्षणसंस्थांची अनुदानित हायस्कूलं आहेत. डोंगरपट्ट्यात ठाकूर आणि कातकरी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. नशीब काढलंच तर माणगाव तालुक्यात निजामपूरला नवोदय विद्यालय आहे. शिवाय रस्त्यारस्त्यावर इंग्रजी पाट्या आहेत. ज्याच्यापुढे पर्याय जास्त, तो फसतोही जास्त तऱ्हांनी. म्हणून तिथं काय चुकतं हे इथं सांगण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ करू. विदर्भ-मराठवाड्यात तालुक्याच्या गावाला बहुधा जिल्हा परिषदेचं हायस्कूल असतं. कोकणात तसं नाही. तिथं जिल्हा परिषदेची शाळा साधारण सातवी-आठवीपर्यंत आणि पुढचं हायस्कूल संस्थेचं. पण संस्था खासगी असली तरी अनुदानित शाळेतल्या मान्य पदांचा पगार सरकार देतं. म्हणजे तुमच्याआमच्या पैशातून देतं. जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित शाळा, आश्रमशाळा, नवोदय, या साऱ्या आपल्याच शाळा. तिथं चौकशी करायला जाताना टोपी हातात धरून उभं राहायचं कारण नाही.

आता माणसं शाळा निवडतात कशी? शेजाऱ्याचा पोरगा जातो तिथं. बूट-टाय असेल तिथं. आणि सगळ्यात जास्त, जून महिन्यात नाक्यावर लागलेला फलक बघून. 'दहावीचा निकाल १०० टक्के. यशाची परंपरा कायम.' खाली फोटो, फोटोखाली टक्के. हा फलक बघून खालापूर तालुक्यातल्या एका भातशेतकऱ्याने गावाजवळचं साधं हायस्कूल सोडलं आणि थोरल्या पोराला लांबच्या फलकवाल्या शाळेत घातलं. शाळेचं नाव घेण्यात अर्थ नाही, तशा शाळा तुमच्याही तालुक्यात आहेत. पोरगा आठवी पास झाला. नववीत गणितात अडखळला. मार्च महिन्यात बापाला बोलावणं आलं. "तुमच्या मुलाला दहावी झेपणार नाही. दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी अभ्यास करून बसू द्या." १७ नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा सुटली, जे कामधंद्याला लागले, त्यांना दहावीची वाट उघडी राहावी म्हणून बोर्डाने केलेली ती चांगली सोय आहे. इथं तिचा उपयोग पोराला शाळेबाहेर काढायला झाला. पोरगा घरी बसला, मग एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. परीक्षा राहिली ती राहिलीच. आणि त्या जूनमध्ये नाक्यावर फलक लागला, निकाल १०० टक्के!

फलक खोटा होता काय? अजिबात नाही. शंभर टक्के खरा होता. गोम इथंच आहे आणि ती मास्तरांपेक्षा शेतकऱ्याला लवकर कळायला पाहिजे.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा पहिल्या वर्षी एक गोष्ट डोक्यात घातली गेली. झाडाकडे बघून पीक मोजू नका, एकराकडे बघा. बियाण्याचा एजंट बांधावर येतो, एक भरलेलं झाड दाखवतो आणि म्हणतो, "मोजा बोंडं." तुम्ही मोजता, शंभर भरतात. पण तुमच्यातला जुना माणूस हसून विचारतो, "ते ठीक आहे, पण एकरी किती उतरलं?" कारण त्याला ठाऊक आहे की अर्धी सरकी उगवलीच नाही, नांग्या भरल्या त्याही जळाल्या, आणि उभ्या राहिलेल्या चार झाडांना जागा मोकळी मिळाली म्हणून ती अशी पसरली. बियाणं घेताना जो प्रश्न आपण सहज विचारतो, तो पोराची शाळा घेताना विसरतो.

शाळेचा निकाल काढतात तो असा. परीक्षेला बसले किती आणि त्यातले पास झाले किती. भागायचं ते बसलेल्यांनी. पेरलेल्यांनी नव्हे, उभ्या राहिलेल्यांनी. आता पाटीवर गणित मांडू. समजा, एका शाळेत आठवीला ६० पोरं होती. दहावीच्या परीक्षेला त्यातली ४२ बसली आणि ४२ पास झाली. फलकावर १०० टक्के. दुसऱ्या शाळेत आठवीला ६० होती, त्यातली ५७ परीक्षेला बसली आणि ५० पास झाली. निकाल लागला ८८ टक्क्यांच्या जवळ. ही शाळा फलक लावत नाही, लाजते बिचारी. पण एकरी उतारा काढा. पहिल्या शाळेने ६० पैकी ४२ पार केली, म्हणजे ७० टक्के. दुसरीने ६० पैकी ५०, म्हणजे ८३. तुमचं पोरगं हुशार असेल तर दोन्हीकडे तरेल. मधलं असेल, आणि आपली बहुतेकांची पोरं मधलीच असतात, तर पहिल्या शाळेत त्याची गळण्याची भीती जास्त.

म्हणून हायस्कुलात गेल्यावर पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारू नका. विचारा, "सर, यंदा दहावीला बसलेली ही मुलं दोन वर्षांपूर्वी आठवीत होती तेव्हा पट किती होता?" शाळेत जनरल रजिस्टर असतं. कोण कधी आला, कधी गेला, का गेला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्याची शाळा सरळ चालते तो मुख्याध्यापक तोंडाने आकडा सांगतो. जो म्हणतो, "तुम्हाला कशाला पाहिजे?" त्यानेही उत्तर दिलंच म्हणायचं.

या आकड्यातही खाचखळगे आहेत, ते सांगतो. बापाची बदली झाली म्हणून गेलेलं पोर वजा करा. मधूनच नवीन आलेली पोरंही बाजूला ठेवा, नाहीतर गळती झाकली जाते. आणि पोर कामाच्या मागे गेलं असेल तर दोष एकट्या शाळेवर टाकू नका. कर्जत-खालापूरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात, तशी आपल्याकडची ऊसतोडीला जातात. पोरं आईबापाबरोबर जातात. ती परत वर्गात बसावीत म्हणून जी शाळा धडपडते, तिचा आकडा पडलेला दिसेल. जी अशा पोरांना मुळात घेतच नाही, तिचा आकडा चकचकीत दिसेल. कसदार काळ्या रानातला उतारा आणि मुरमाड रानातला उतारा एका मापाने मोजून आपण शेतकऱ्याला हुशार किंवा आळशी ठरवत नाही. पाथरजसारख्या डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळेत येणाऱ्या पोराच्या घरात पुष्कळदा त्याच्याआधी कुणी शाळा पाहिलेली नसते, आणि घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. यवतमाळकडच्या मंडळींनी कोलाम पोडावरची पोरं आठवावीत. राज्यात अतिमागास धरलेल्या तीन आदिवासी जमाती म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्या पोरांना दहावीपर्यंत टिकवणारी शाळा ७० टक्क्यांवर थांबली तरी आम्ही तिला वरचा नंबर देऊ.

पोरं निवडून घेण्याचाही एक धंदा आहे. पाचवीला प्रवेश देताना चाचणी घ्यायची, आईबापाची मुलाखत घ्यायची, म्हणजे बियाणं आधीच चाळून घेतलं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १३व्या कलमाने अशी चाळणी बंद केली आहे. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण तक्रार करणार कोण? आपणच पोराला "साहेबांपुढे नीट बोल" म्हणून नवा सदरा घालून नेतो.

टक्क्यांविषयी आणखी एक. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० वर आला. २०२० साली ९५.३० आणि २०२१ साली ९९.९५. आता २०१९ ची पोरं मठ्ठ आणि २०२१ ची सगळी बृहस्पती होती काय? २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढून घेतले होते. २०२० ला ते परत दिले. २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही. म्हणून 'गेल्या वर्षीपेक्षा निकाल १५ टक्क्यांनी वाढला' असं कुणी सांगितलं तर त्या वर्षी तालुक्याचा किती, बोर्डाच्या आपल्या विभागाचा किती, हे विचारा. पाऊसच चांगला झाला असेल तर एकट्याच्या नांगरटीची फुशारकी नको.

आता नववीकडे या, कारण खरी खिंड तिथं आहे. शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वयाला, म्हणजे आठवीपर्यंत. तोपर्यंत शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. सरकारी-अनुदानित शाळेत पुस्तकं फुकट आहेत, दुपारची खिचडी आहे. नववीला पाऊल टाकलं की हे सारं संपतं. अंतराचा नियम नाही, पुस्तकं विकत, डबा घरचा. पूर्वी नापास होण्याची पहिली ठेचही नववीलाच लागायची. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीलाही वार्षिक परीक्षा आली, पण तिथं पुन्हा परीक्षा द्यायला मिळते आणि शाळेतून काढता येत नाही. नववीला ते संरक्षण नाही. खर्च वाढतो तेव्हाच कायद्याचं छप्पर जातं आणि तेव्हाच पोरगं मजुरी करण्याजोगं होतं. तीन गोष्टी एकाच वर्षी. मुलीच्या बाबतीत चौथी, सोयरीक घेऊन येणारे पाहुणे.

म्हणून पोराला पाचवीत किंवा आठवीत घालतानाच त्या शाळेच्या नववी-दहावीची चौकशी करायची. गणिताला आणि विज्ञानाला कायम शिक्षक आहे का? की तासिकेवर येणारा आहे, जो दिवाळीनंतर दुसरीकडे जाईल? २०१२ साली शासनाने शिक्षकभरती थांबवली आणि पुढे ती पवित्र पोर्टलकडे गेली. तेव्हापासून निवृत्त झालेल्याची जागा वेळेवर भरेल याची खात्री कुणी देत नाही. इमारत बघू नका, वेळापत्रक बघा. नववीच्या भूमितीच्या तासापुढे कुणाचं नाव आहे, आणि तो माणूस त्या दिवशी शाळेत आहे का?

आणि तुकडी विचारा. तालुक्याच्या शाळांत 'अ' तुकडी सेमी-इंग्रजीची असते. चांगला गणिताचा मास्तर तिथं, प्रयोगशाळेची किल्ली तिथं. 'क' तुकडीत खेड्यावरून येणारी पोरं आणि उरलेले तास. फलकावरचे फोटो 'अ' तुकडीचे, फी मात्र तिन्ही तुकड्यांची सारखी. "माझं पोर कोणत्या तुकडीत बसेल आणि तिथं गणित कोण शिकवतं?" हा प्रश्न मुख्याध्यापकांना अवघड जातो. विचारायचाच.

वाटेविषयी थोडक्यात. कर्जत-खोपोली हा रेल्वेचा एकेरी मार्ग, गाड्या मोजक्या. पळसदरी, केळवली, डोलवली या बाजूच्या पोराची एक गाडी चुकली की पहिले तास गेले. पावसाळ्यात ओढे भरले की वाडीवरच्या पोरांची शाळा बुडतेच. म्हणून तिथल्या बायांनी शाळेची वेळ आणि गाडीची वेळ एका कागदावर लिहून काढली, तेव्हा दिसलं की नावाजलेल्या शाळेचा सकाळी सातचा जादा तास त्यांच्या मुलींना मिळणं शक्यच नाही. जो तास मिळायचा नाही त्याची कीर्ती काय कामाची? तुमच्याकडे एसटीचं असंच आहे. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट आहे, पण पास फुकट असून भागत नाही, बस यावी लागते. संध्याकाळची शेवटची बस किती वाजता आणि ती रोज येते का, हे कंडक्टरला विचारा. शाळेला विचारू नका.

पैशाचं बोलू. कर्जतकडे शेतघरं बांधणारे शहरी लोक आले आणि जमिनीला भाव आला. कित्येकांनी चार गुंठे विकून इंग्रजी शाळेची फी भरली. आपल्याकडे असा गिऱ्हाईक येत नाही, आपण सावकाराकडे किंवा मुलीच्या दागिन्याकडे जातो. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळा निघाल्या. सरकारचं अनुदान नाही, म्हणजे मास्तरचा पगार तुमच्या फीमधून. अशा शाळेत मास्तर किती पगारावर राबतो आणि किती दिवस टिकतो हे विचारल्याशिवाय पोर घालू नका. इंग्रजी बोलता येणं चांगलंच आहे. पण सहावीत विज्ञानाचं पान वाचून पोराला अर्थ सांगता येत नसेल, तर ते इंग्रजी शिकत नाही आणि विज्ञानही नाही.

उलट सरकारी-अनुदानित शाळेत राहिल्याने एक वाट उघडते, ती फार थोड्या आईबापांना ठाऊक आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिला एनएमएमएस म्हणतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. खासगी विनाअनुदानित शाळेच्या मुलाला बसता येत नाही. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे दर वर्षी दीड क्विंटल कापूस घरात आला. संकरित ज्वारीच्या ३,६९९ भावाने सव्वातीन क्विंटल. आणि तोही नववीत, जिथं खर्चाची खिंड आहे नेमका तिथं. शाळा निवडताना विचारा, "तुमची किती मुलं या परीक्षेला बसली आणि किती लागली?" यात मास्तरचे कष्ट उघडे पडतात, कारण ही तयारी जादा तास घेऊन करावी लागते आणि तिचा पगार कुणी देत नाही.

आता त्या खालापूरच्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो. धाकटी मुलगी सातवी झाली. बाप म्हणाला, "आता तिला कुठंच नको." आई बैठकीत मागे बसायची, कधी बोलली नव्हती. ती गावाजवळच्या त्या साध्या हायस्कुलात एकटी गेली, सोबत शेजारची जाऊ. म्हणाली, "सर, तुमचा निकाल किती ते आम्हांला नको. आठवीला किती होती आणि दहावीला किती राहिली ते सांगा." मुख्याध्यापक चपापले. मग त्यांनी कारकुनाला रजिस्टर आणायला सांगितलं आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. हा बदलून गेला, ही लग्न होऊन गेली, हे दोघे भट्टीवर गेले, हा का गेला ते आम्हांलाही कळलं नाही. बाई म्हणाली, "का गेला ते कळलं नाही म्हणता, म्हणजे विचारायला तरी गेला होतात." तिने मुलीचं नाव तिथंच घातलं. मुलगी यंदा नववीत आहे. भूमिती अवघड जाते. गणिताच्या बाई शनिवारी थांबवून घेतात आणि गाडीच्या वेळेला सोडतात. दहावीला काय होईल ते दहावीला दिसेल.

आपल्याकडे हे करायचं तर एकेकट्याने जाऊन भागणार नाही, कारण एकट्या बापाला "नंतर या" सांगता येतं. पहिली ते आठवीच्या सरकारी-अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक लागतात, एकूण सभासदांत निम्म्या बाया. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. बघा! बहुतेक ठिकाणी सही करणारा अध्यक्ष असतो आणि बाकीच्यांना आपण सभासद आहोत हेच माहीत नसतं. पहिलं काम म्हणजे ती यादी काढा. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस क्रमांक असतो. तो घेऊन तालुक्याच्या गावी कुठल्याही संगणकवाल्याकडे शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या बघता येते. कागदावरचे शिक्षक आणि वर्गातले शिक्षक जुळतात का, ते तुम्ही जाऊन मोजायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपलं पोर जिथं जातं त्या हायस्कुलाचे तीन आकडे आणायचे. दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट, त्यातले दहावीला बसलेले आणि पास झालेले. शिवाय १७ नंबरचा फॉर्म भरायला लावलेली मुलं किती, तेही गावात घरोघर विचारून आणा, ते शाळा सांगणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या हायस्कुलांची यादी आपण भिंतीवर लावू, चांगल्या शाळेचं नाव ठळक अक्षरात. आकडे द्यायला कुणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. अनुदानित शाळेलाही तो लागू आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाचा नमुना तिकडच्या मेजावर ठेवला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट मात्र ज्याचं त्याने आणायचं.